राग, गायक, प्रहर: मोठ्या संगीतसंग्रहासाठी सॉफ्टवेअर कसं निवडायचं

माझ्या डिस्कवर आज साधारण अकराशे तासांचं गाणं आहे. ख्याल, ठुमरी, नाट्यगीतं, भावगीतं, वडिलांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेल्या मैफली, जुन्या तबकड्यांची रूपांतरं. असा संग्रह असणारी माणसं भेटली की प्रश्न ठरलेला असतो : “प्लेअर कोणता वापरता?” मी आधी उलट विचारतो, “गाणं शोधताना तुमच्या मनात पहिलं काय येतं?” चित्रपटसंगीत ऐकणारा गाण्याचे शब्द सांगतो, भावगीतांचा चाहता संगीतकार सांगतो. ख्याल ऐकणारा म्हणतो, “संध्याकाळ झाली की मारवा काढावासा वाटतो. कुणाचाही चालेल.”

नेमकं हेच बहुतेक प्लेअरना जमत नाही. त्यांची सगळी मांडणी कलाकार, अल्बम, गाणं या तीन खणांची असते. राग कुठे लिहायचा, साथीला कोण होतं ते कुठे लिहायचं, नाटकाचं नाव कुठे, याला जागाच नसते. म्हणून निवड करताना पहिली कसोटी ही : तुम्हाला हवा तो नवा खण हे सॉफ्टवेअर बनवू देतं का, आणि त्यात भरलेली माहिती गाण्याच्या फाइलमध्येच लिहितं का?

दुसरा भाग मी फार महागात शिकलो. सहा वर्षं मी एका प्लेअरमध्ये रोज रात्री बसून तारे दिले, याद्या केल्या, रागांची नावं भरली. एक दिवस संगणकाची डिस्क गेली. गाण्यांची दुसरी प्रत होती, ती सुखरूप परत आली. पण त्या प्लेअरनं माझी सगळी माहिती स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवली होती, फाइलींमध्ये एक अक्षरही लिहिलं नव्हतं. गाणी होती आणि सहा वर्षांचं ऐकणं पुसलं गेलं होतं. तेव्हापासून माझा नियम एकच : माहिती फाइलसोबत राहिली पाहिजे. प्लेअर बदलला, संगणक बदलला, डिस्क मुलीच्या घरी गेली, तरी मारवा हा मारवाच दिसला पाहिजे.

आधी सगळं एका जागी आणा

सॉफ्टवेअर उतरवण्याआधी एक मुख्य फोल्डर करा आणि इकडेतिकडे विखुरलेलं सगळं त्यात आणा. जागेचा हिशोब सोपा आहे. सीडीवरचा एक तास कच्च्या रूपात सुमारे ६३५ एमबी घेतो. तोच फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवला तर साधारण ३०० ते ४०० एमबी, आणि आवाजातला एक कणही कमी होत नाही. ३२० केबीपीएसच्या एमपी३ला तासाला १४४ एमबी लागतात. म्हणजे दोन हजार तासांचा फ्लॅक-संग्रहसुद्धा एक टीबीच्या डिस्कवर मावतो. आज डिस्कचे भाव बघता सीडी उतरवायच्या तर फ्लॅकमध्येच उतरवा. मात्र आधीच एमपी३ असलेली फाइल फ्लॅकमध्ये बदलू नका. गेलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

सीडीसाठी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा. ते सीडी काळजीपूर्वक वाचतं आणि तुमची प्रत इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून बघतं. छोट्या मराठी कंपन्यांच्या सीडी त्या यादीत सापडतीलच असं नाही. तेव्हा ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडा. सीडी दोनदा वाचली जाते आणि दोन्ही वेळचे तपासणीचे आकडे जुळले की प्रत बरोबर आहे असं समजायचं. कॅसेटींसाठी ऑडॅसिटी पुरेसं आहे. रेकॉर्ड करताना आवाजाचा काटा सर्वांत मोठ्या तानेलाही लाल रेषेच्या बराच खाली राहील असा ठेवा.

खण ठरवा, कागदावर

ही पायरी लोक टाळतात आणि नंतर पस्तावतात. एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक गाण्याबद्दल काय काय लिहायचं ते ठरवा. माझे खण असे : शीर्षक, कलाकार, अल्बम-कलाकार, अल्बम, वर्ष, संगीतकार, गीतकार हे नेहमीचे. त्यांच्या जोडीला राग, ताल, प्रहर, साथ आणि नाटक हे माझे स्वतःचे.

अल्बम-कलाकार हा खण लहान वाटतो, पण त्यावाचून मोठा संग्रह मोडून पडतो. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक असं प्रसारित झालेलं गीतरामायण घ्या. ५६ गाणी, आणि गाणारे अनेक. फक्त ‘कलाकार’ भरलात तर काही प्लेअर जितके गायक तितके तुकडे करतात, क्रम विस्कटतो आणि कथा तुटते. सगळ्या ५६ फाइलींच्या अल्बम-कलाकारात एकच नाव घाला आणि कलाकारात प्रत्येकाचा गायक. क्रमांकही भरा, आणि फाइलीच्या नावात तो दोन आकडी ठेवा : ०१, ०२. नाहीतर साध्या यादीत १ नंतर १० येतो आणि २ खाली जातो.

मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला अल्बमचं नाव नसतं. तिथे मी ‘वर्ष, गाव, प्रसंग’ असं स्वतः नाव देतो. वर्ष आधी असल्यामुळे एका गायकाच्या मैफली आपोआप कालक्रमानं लागतात आणि आवाज कसा बदलत गेला ते सलग ऐकता येतं. वर्षाच्या खणात ध्वनिमुद्रणाचं वर्ष लिहा, सीडी निघाल्याचं नको. १९३० च्या दशकातली तबकडी पुन्हा काढलेल्या सीडीमुळे १९९५ ची दिसायला लागते, आणि एवढ्यानं सगळा क्रम खोटा होतो.

नाट्यगीतांसाठी नाटकाचा खण वेगळा हवाच. एकच पद बालगंधर्वांनी गायलेलं असतं, पुढे वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यातून आलेलं असतं, आणि परवा कुणी नव्या गायिकेनं. नाटकाच्या नावाखाली हे सगळे एकाखाली एक दिसले की संग्रहाची खरी श्रीमंती कळते.

नाव एकच, लिहिण्याच्या तऱ्हा सात

पहिल्यांदा सगळ्या फाइली प्लेअरमध्ये ओढल्या तेव्हा माझ्याकडे भीमसेन जोशी सात जण निघाले. भीमसेन जोशी, भिमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, आणि रोमन लिपीत आणखी तीन तऱ्हा. संगणकाला हे सात वेगळे गायक.

माझा उपाय : कलाकाराच्या खणात पदवी लिहायची नाही. आदर मनात असतो. पण ‘पं.’ लिहिलंत की निम्मा संग्रह ‘प’ खाली जाऊन बसतो आणि ‘उस्ताद’ लिहिलंत की उरलेला ‘उ’ खाली. रागांच्या नावांचंही तसंच. तोडी, मियाँ की तोडी, मिया की तोडी यांतलं एक रूप पक्कं करा आणि ती यादी कागदावर लिहून भिंतीला लावा.

देवनागरीत एक खाच आहे, जी डोळ्यांना दिसत नाही. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर तो खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ पासून बनतो, दुसऱ्यावर साध्या ‘र’ ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही. ‘ॲ’ चंही असंच. तो एक अक्षर म्हणून येतो किंवा ‘अ’ वर चंद्र चढवून येतो. म्हणून टॅग, म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेली ही माहिती, भरताना एकच कीबोर्ड वापरा, फोनवर एक आणि संगणकावर दुसरा असं करू नका. दुसरीकडून आलेला मजकूर असेल तर ही दोन अक्षरं शोधा-बदला करून एकसारखी करून घ्या.

जुन्या एमपी३ फाइलींमध्ये आणखी दोन घोटाळे असतात. आयडी३ ही एमपी३त टॅग लिहिण्याची पद्धत. तिची पहिली आवृत्ती फाइलीच्या शेवटी १२८ बाइटमध्ये मावते, शीर्षक-कलाकारासारख्या खणाला जेमतेम ३० अक्षरं, आणि युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत, नाहीच. तिथे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. दुसरा घोटाळा युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टचा. त्यात टाइप केलेली नावं आज रोमन अक्षरांचा कचरा दिसतात. ती पुन्हा लिहिण्यावाचून इलाज नाही.

फोल्डर आणि फाइलींची नावं मात्र मी रोमन लिपीत आणि आखूड ठेवतो. गाडीतल्या स्टिरिओला देवनागरी येईलच असं नसतं, आणि विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजूनही पुष्कळ प्रोग्रॅमना आडवी येते.

टॅग भरण्याचं साधन वेगळं ठेवा

प्लेअर आणि टॅग-संपादक ही दोन कामं वेगळी आहेत. टॅगसाठी विंडोजवर एमपी३टॅग घ्या. ते मोफत आहे, मॅकवरची आवृत्ती विकतची. नावात एमपी३ असलं तरी ते फ्लॅकही उत्तम हाताळतं. पहिल्यांदा उघडल्यावर ‘ऑप्शन्स’ मध्ये टॅग्जखाली एमपेग निवडा, आयडी३ची २.३ आवृत्ती यूटीएफ-१६ या युनिकोडच्या रूपात लिहायला सांगा आणि पहिल्या आवृत्तीचे टॅग लिहिणं बंद करून ते पुसायला सांगा. प्रश्नचिन्हांचा त्रास इथेच संपतो.

नवा खण करायचा तर फाइली निवडून ऑल्ट आणि टी दाबा. सगळ्या टॅगांची खिडकी उघडते, तिथे नवं फील्ड जोडा. फील्डचं नाव रोमन अक्षरांत द्या, कारण फ्लॅकच्या नियमात फील्डचं नाव देवनागरीत चालत नाही. आतला मजकूर खुशाल देवनागरीत लिहा. जुगलबंदी असेल तर दोन कलाकार एकाच ओळीत ‘आणि’ घालून लिहू नका, दोन वेगळी मूल्यं करा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये त्यासाठी मध्ये अर्धविराम देतात. मग ती फाइल दोन्ही कलाकारांखाली दिसते. साथीच्या खणालाही हेच. तबल्यावर कोण होतं यावरून मैफल शोधणारे रसिक आपल्याकडे कमी नाहीत.

म्युझिकब्रेन्झ पिकार्डचं नावही ऐकाल. ते गाण्याच्या ध्वनीचा ठसा घेऊन खुल्या डेटाबेसमधून नाव शोधतं. गाजलेल्या सीडींसाठी वेळ वाचतो. आपल्या ख्यालांच्या आणि नाट्यगीतांच्या बाबतीत मात्र त्याला सगळा संग्रह एकदम देऊन ‘सेव्ह’ दाबू नका. एका वेळी एक अल्बम द्या, आलेली नावं डोळ्यांखालून घाला, मगच जतन करा. तुम्ही हातानं बरोबर लिहिलेलं नाव त्यानं बदललं तर मागं जायला वाट नसते.

आता प्लेअर

विंडोजवर माझी पहिली पसंती फूबार२०००. २००२ पासून आहे, मोफत आहे, जुन्या संगणकावरही हलकं चालतं आणि हजारो फाइलींनी दमत नाही. दिसायला रुक्ष आहे, पहिल्या दिवशी मन खट्टू होईल. पण तुमचा कोणताही खण ते तसाच्या तसा वाचतं, आणि संग्रह रागाखाली गायक, गायकाखाली मैफल असा उलगडून दाखवतं. माझ्यासारख्या संग्रहाला याहून चांगलं मला मिळालेलं नाही.

ज्यांना मुखपृष्ठं, रंग, तयार मांडणी हवी त्यांनी म्युझिकबी घ्यावं. तेही मोफत, फक्त विंडोजवर. स्वतःचे खण ‘प्रेफरन्सेस’ मध्ये टॅग्जखाली जोडता येतात. त्यातली इनबॉक्सची सोय मला फार आवडते : नव्या फाइली आधी तिथे थांबतात, टॅग नीट केलेत की मगच मुख्य संग्रहात जातात. मीडियामंकीही मोठा संग्रह पेलतं आणि अभिजात संगीतासाठी वेगळा विभाग देतं, पण त्याच्या काही सोयी विकतच्या आहेत.

मॅकवर सोबत येणारं म्युझिक ॲप फ्लॅक घेत नाही आणि स्वतःचे खण बनवू देत नाही, म्हणून ते या कामाचं नाही. फूबारची मॅक आवृत्ती आहे, किंवा विकतचं स्विन्सियन. लिनक्सवर क्वॉड लिबेट. कोणताही टॅग, कोणत्याही नावाचा, त्याला चालतो आणि शोधही बारीक करता येतो. फक्त अल्बम लावून ऐकायचे असतील तर स्ट्रॉबेरी सुटसुटीत आहे. व्हीएलसी सगळं वाजवतं, पण संग्रह सांभाळणं हे त्याचं काम नव्हे.

दोनशे फाइलींची कसोटी

कुणाच्या सांगण्यावरून, माझ्याही, अख्खा संग्रह एका प्लेअरच्या हवाली करू नका. दोनशे फाइलींचा वेगळा फोल्डर करा. त्यात मुद्दाम अवघड गोष्टी घाला : देवनागरी टॅगची एमपी३, तशीच फ्लॅक, तासाभराचा एकसलग ख्याल, अनेक गायकांचा अल्बम, एक जुगलबंदी, काहीही नाव नसलेली कॅसेटची बाजू. मग हे करून बघा.

विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असलेली सीडी लावा. दोन्हींच्या सांध्यावर कान ठेवा. विलंबित संपत असताना तबलजी लय उचलतो, आणि तिथेच अर्धा क्षण शांतता पडली तर सम चुकल्यासारखं होतं. एमपी३च्या आरंभी आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते, ती ओळखून कापण्याचं काम प्लेअरचं. जो ते करत नाही तो यादीतून बाद.

एका फाइलीत राग बदलून बघा, मग तीच फाइल एमपी३टॅगमध्ये उघडा. बदल तिथे दिसला तर माहिती फाइलीत गेली. दिसला नाही तर ती डेटाबेसमध्ये अडकली. तारे देऊनही हेच करा, कारण तारे आणि किती वेळा ऐकलं याचा आकडा बरेच प्लेअर मुळात स्वतःकडेच ठेवतात आणि फाइलीत लिहायची सोय वेगळी चालू करावी लागते. शेवटी फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवा आणि प्लेअरला नवा पत्ता द्या. याद्या जिवंत राहिल्या का बघा.

प्रहराप्रमाणे ऐकणं

आता या सगळ्या कष्टांचं फळ. फूबारमध्ये ‘फाइल’ मेनूतून ‘प्रेफरन्सेस’ उघडा, ‘मीडिया लायब्ररी’ त मुख्य फोल्डर जोडा आणि यादी तयार होईपर्यंत थांबा. त्याच विभागात ‘अल्बम लिस्ट’ आहे. तिथे नवं दर्शन (व्ह्यू) जोडा : टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये रागाच्या फील्डचं नाव, मग उभी रेघ, तसंच कलाकाराचं, पुन्हा रेघ, अल्बमचं, आणि शेवटी शीर्षक. ‘अप्लाय’ केलंत की सगळा संग्रह रागांच्या झाडासारखा उघडतो.

पुढे लायब्ररीच्या शोधात प्रहराच्या खणात ‘सकाळ’ असलेल्या फाइली मागवा आणि त्या शोधाची ऑटोप्लेलिस्ट करा. भैरव, तोडी, ललत तिथे जमतात. ‘सायंकाळ’ ची दुसरी करा : मारवा, पूरिया, श्री. ‘रात्र’ ची तिसरी : मालकंस, दरबारी, बागेश्री. उद्या नवा तोडी टाकलात आणि खण भरलात की तो आपोआप सकाळच्या यादीत बसतो. म्युझिकबीत हेच ऑटो-प्लेलिस्ट करून साधतं. सकाळी चहा ठेवताना मी फक्त यादी निवडतो. कधी मल्लिकार्जुन मन्सूर येतात, कधी किशोरीताई, कधी विसरलेली एखादी कॅसेट, जिच्यात मागे कुणीतरी खोकतं आणि मला वडिलांची बैठकीची खोली आठवते.

आवाजाच्या पातळीसाठी रीप्लेगेन चालवा. १९३० च्या दशकातली तबकडी आणि कालची सीडी पाठोपाठ आल्या की हात सारखा बटणाकडे जातो, तो थांबतो. रीप्लेगेन मूळ आवाजाला हात लावत नाही, टॅगमध्ये फक्त एक आकडा लिहितं. ख्यालाला अल्बम-पद्धत निवडा. ट्रॅक-पद्धतीत शांत आलाप आणि तडफदार द्रुत एकाच पातळीवर येतात आणि गायकानं बांधलेला चढ सपाट होतो.

घरातल्या फोनवर, दुसऱ्या खोलीत हाच संग्रह ऐकायचा तर एखाद्या जुन्या संगणकावर नॅव्हिड्रोम हे सर्व्हर-सॉफ्टवेअर बसवता येतं. ते फोल्डरांची रचना बघत नाही, फक्त टॅगांवर चालतं. म्हणजे टॅग नीट असतील तर ते लगेच उपयोगी पडतं, नसतील तर गोंधळ तेवढा फोनपर्यंत पोचतो. टॅग आधी, सर्व्हर नंतर.

राहिली प्रत. एक डिस्क संगणकाशी, दुसरी कपाटात, तिसरी दुसऱ्या घरात. माझी तिसरी नाशिकला बहिणीकडे असते आणि दर दिवाळीला बदलली जाते. फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजावरून काढलेला एमडी५ हा तपासणीचा आकडा साठवलेला असतो, त्यामुळे फूबारला फाइल इंटेग्रिटी व्हेरिफायर हा घटक जोडून डिस्कवरची प्रत्येक फाइल तपासता येते. आठशे-नऊशे तासांचा संग्रह असेल तर रात्री लावून झोपायचं. गेल्या दिवाळीला एक फाइल खराब निघाली, एका मैफलीतली भैरवी. कपाटातल्या डिस्कवरची प्रत शाबूत होती. तीच आता तिन्ही ठिकाणी आहे.